एका सेकंदाने ठप्प केलेले संगणक
कर्नेलमधील एक चूक, तिच्या दुरुस्तीतून जन्मलेली दुसरी चूक आणि पाच वर्षांनी लागलेला तिचा छडा

१ जुलै २०१२, रविवार. भारतात पहाटेचे साडेपाच वाजत होते आणि बहुतेक शहरे साखरझोपेत होती. ऑस्ट्रेलियात सिडनीला मात्र सकाळचे दहा वाजले होते आणि विमानतळांवर प्रवाशांची वर्दळ सुरू होती. त्या सुमारास क्वांटास आणि व्हर्जिन ऑस्ट्रेलिया या दोन विमान कंपन्यांची प्रवासी नोंदणी यंत्रणा बंद पडली. अॅमेडियस या कंपनीच्या संगणकांवर ती यंत्रणा चालत असे. कर्मचाऱ्यांनी कागद-पेन हाती घेऊन प्रवाशांची नोंद सुरू केली आणि विमानांना विलंब होऊ लागला. त्याच सुमारास रेडिट हे संकेतस्थळ ठप्प झाले होते, तर मोझिला या संस्थेचे काही सर्व्हर विनाकारण पूर्ण ताकदीने धावू लागले होते. जर्मनीतील हेट्झनर या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा वीजवापर त्या रात्री अचानक सुमारे एक मेगावॅटने वाढला.

यामागे ना घुसखोर होता, ना विषाणू. जगाच्या प्रमाणवेळेत त्या रात्री एका सेकंदाची भर घातली गेली होती. तो जादा सेकंद लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, नीट पचवता आला नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत हा दोष दुरुस्त झाला. मात्र त्याचा माग काढताना जे आढळले ते अधिक विचार करायला लावणारे होते. २०१२ चा हा बिघाड पाच वर्षांपूर्वीच्या एका दुरुस्तीतून जन्माला आला होता.

कर्नेल कोसळते म्हणजे काय?

संगणकावर आपण जे काही पाहतो, मग ते पत्र लिहिण्याचे साधन असो वा बँकेचे संकेतस्थळ, ती सारी वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडे आहेत. त्यांच्याखाली कर्नेल असते. स्मृतीतील जागा कोणाला द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला किती मिळेल, डिस्कवर काय लिहायचे, नेटवर्कवरून आलेली माहिती कोणाच्या हाती सोपवायची, हे सर्व निर्णय तेच घेते. वेळ सांगण्याचे कामही त्याचेच.

एखादा साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नेल त्याला बंद करते आणि बाकीचे व्यवहार चालू राहतात. खुद्द कर्नेलच चुकले तर त्याला सावरणारे वर कोणी नसते. विंडोजवर अशा वेळी अनेक वर्षे निळा पडदा दिसत आला; लिनक्समध्ये या अवस्थेला ‘पॅनिक’ म्हणतात. पुढे काम चालू ठेवल्यास माहितीचा अधिक नाश होईल, हे ओळखून कर्नेल स्वतःच थांबते.

सगळेच बिघाड असे बोलके नसतात. दुसरा प्रकार ‘डेडलॉक’चा, म्हणजे परस्परांच्या प्रतीक्षेत अडकण्याचा. आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. सामायिक माहिती एकाच वेळी दोघांनी बदलू नये म्हणून तिला कुलूप लावले जाते. ज्याच्याकडे किल्ली, त्यानेच बदल करायचा. पहिला दुसऱ्याची वाट पाहत थांबला आणि दुसरा पहिल्याच्या हातातील किल्लीसाठी थांबला, तर दोघेही कायमचे थांबतात. पडद्यावर संदेश येत नाही, यंत्र फक्त गोठते. तिसरा प्रकार आणखी फसवा असतो. कर्नेल चालू असते, परंतु चुकीची माहिती देत राहते आणि वरचे प्रोग्रॅम त्या माहितीवर विसंबून भरकटतात. लीप सेकंदाच्या प्रकरणात गोठणे आणि भरकटणे हे दोन्ही प्रकार पाहायला मिळाले.

जादा सेकंद येतो कोठून?

सेकंदाची आजची व्याख्या सीझियम अणूच्या कंपनांवर आधारलेली आहे. अणुघड्याळ विलक्षण अचूक असते. पृथ्वीचे फिरणे मात्र तेवढे नियमित नाही. भरती-ओहोटीमुळे होणारे घर्षण, पृथ्वीच्या पोटातील हालचाली, बर्फाचे वितळणे अशा कारणांनी तिचा वेग किंचित बदलत राहतो. अणुघड्याळाची वेळ आणि पृथ्वीच्या परिवलनाची वेळ यांतील अंतर ०.९ सेकंदाच्या आत राहावे, यासाठी १९७२ पासून प्रमाणवेळेत गरजेनुसार एक सेकंद घालण्याची पद्धत सुरू झाली. हाच लीप सेकंद. तो ३० जून किंवा ३१ डिसेंबरच्या शेवटी घातला जातो. पृथ्वीच्या परिवलनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था त्याची घोषणा सुमारे सहा महिने आधी करते.

१९७२ ते २०१६ या काळात असे २७ सेकंद घालण्यात आले. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे हा क्षण पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी येतो. ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाल्यावर साठावा सेकंद येतो आणि मग साडेपाच वाजतात.

माणसाला हा एक सेकंद जाणवतही नाही. संगणकाची अडचण अशी, की लिनक्ससारख्या प्रणाली वेळ मोजताना प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतात. साठाव्या सेकंदासाठी त्यांच्या हिशेबात जागाच नसते. म्हणून त्या क्षणी कर्नेल आपले घड्याळ एका सेकंदाने मागे सरकवते आणि तोच सेकंद दुसऱ्यांदा मोजते. वरवर साधे वाटणारे हे काम काही वर्षांतून एकदाच होते.

पहिला इशारा : नववर्षाची पहाट, २००९

३१ डिसेंबर २००८ च्या शेवटी लीप सेकंद आला तेव्हा जगभरातील काही लिनक्स सर्व्हर गोठले. सगळे नव्हे, त्या क्षणी यंत्रात नेमके काय चालले होते, यावर ते अवलंबून होते. तपासात कारण उघड झाले. सेकंद घालताना कर्नेल घड्याळाला कुलूप लावत असे आणि ते काढण्यापूर्वीच ‘लीप सेकंद घातला’ असा एक ओळीचा संदेश नोंदवहीत लिहित असे. संदेश लिहिला, की नोंदवही सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला जागे करावे लागे. त्यासाठी कर्नेलच्या दुसऱ्या भागाला ‘आता वाजले किती?’ हे पाहावे लागे आणि घड्याळ तर कुलूपबंद! किल्ली ज्याच्या हाती होती, तोच कुलूप उघडण्याची वाट पाहत बसला.

सेकंद बरोबर घातला गेला होता. यंत्र अडकले ते त्याची वार्ता देणाऱ्या ओळीने. कुलूप हाती असताना संदेश लिहायचा नाही, एवढाच या दोषावरचा उपाय होता.

दुसरा दोष वेळेआधी सापडला

यानंतर २०१२ चा लीप सेकंद जाहीर झाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, प्रत्यक्ष प्रसंगाच्या तीन महिने आधी, कर्नेलमधील वेळेच्या विभागाची देखभाल करणारे जॉन स्टल्ट्झ यांनी याच भागातील आणखी एक दोष दूर केला. लीप सेकंद घालण्यासाठी २००८ पासून एक स्वतंत्र गजर वापरला जात असे. काही परिस्थितीत एक प्रोसेसर हाती कुलूप धरून हा गजर रद्द होण्याची वाट पाहू शकत असे आणि गजराचे काम दुसऱ्या प्रोसेसरवर त्याच कुलपासाठी खोळंबू शकत असे. थॉमस ग्लाइक्सनर या ज्येष्ठ जर्मन विकासकाने या गुंत्याचे निदान केले. स्टल्ट्झ यांनी स्वतंत्र गजर काढून टाकला आणि हे काम पुन्हा घड्याळाच्या नेहमीच्या ठोक्याकडे सोपवले.

मे २०१२ मध्ये आलेल्या ३.४ या आवृत्तीत ही दुरुस्ती समाविष्ट झाली. मात्र कर्नेलची नवी आवृत्ती निघाली म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सर्व सर्व्हरवर बसते, असे होत नाही. बँका, विमान कंपन्या, मोठी संकेतस्थळे वर्षानुवर्षे पारखलेल्या जुन्या आवृत्त्या वापरतात. शिवाय या विभागात तिसरा दोष दबा धरून बसला होता आणि नव्या आवृत्तीतही तो तसाच होता.

३० जूनची रात्र : घड्याळ मागे, गजर पुढेच

हा तिसरा दोष समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. भिंतीवर मोठे घड्याळ आहे. घरातील मंडळींना ठरावीक वेळी उठवणाऱ्या रखवालदाराच्या मनगटावर स्वतःचे घड्याळ आहे आणि ते भिंतीवरील घड्याळाशी जुळवलेले आहे. आता कोणीतरी भिंतीवरील घड्याळ एका सेकंदाने मागे केले. पण रखवालदाराला ते सांगितलेच नाही. घरातील एकजण भिंतीकडे पाहून म्हणतो, ‘मला अर्ध्या सेकंदाने उठव.’ रखवालदार मनगटाकडे पाहतो. त्याच्या हिशेबी ती वेळ केव्हाच टळून गेलेली असते. तो लगेच हाक मारतो. झोपलेला उठतो, भिंतीकडे पाहतो, वेळ झालेली नसते, म्हणून पुन्हा सांगतो. पुन्हा तत्काळ हाक!

संगणकात हा खेळ सेकंदाला हजारो वेळा चालला. लिनक्समध्ये भिंतीवरील घड्याळ म्हणजे प्रमाणवेळ, तर रखवालदार म्हणजे सूक्ष्म कालावधीचे गजर सांभाळणारी टायमर यंत्रणा. जावा भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम, डेटाबेस आणि तत्सम साधने अशा लहानलहान डुलक्या सतत घेत असतात. लीप सेकंदानंतर त्यांना डुलकी लागेना. काहीही काम नसताना प्रोसेसर पूर्ण क्षमतेने धावू लागले, खऱ्या कामाला वेळ उरेना आणि सेवा कोलमडल्या. हेट्झनरच्या वीजवापरात दिसलेली वाढ ती हीच.

यातून तात्पुरती सुटका करणारा उपाय काही तासांतच सापडला आणि तो चमत्कारिक होता. संगणकाला ‘आता जी वेळ आहे तीच वेळ लाव’ अशी आज्ञा द्यायची! वेळ तीच राही. मात्र हाताने वेळ लावली, की कर्नेल रखवालदारालाही घड्याळ जुळवून घ्यायला सांगे. त्या क्षणी यंत्र शांत होई. अनेक ठिकाणी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यात आले; ज्यांना ही एका ओळीची आज्ञा वेळेत कळली, त्यांना तेही करावे लागले नाही.

हरवलेली ओळ

हाताने वेळ लावल्यावर रखवालदाराला निरोप जातो आणि लीप सेकंदाच्या वेळी मात्र जात नाही, असे का? जुनी नोंद चाळल्यावर उत्तर मिळाले. हा निरोप देणारी ओळ पूर्वी कर्नेलमध्ये होती. २००७ मध्ये ती जाणीवपूर्वक काढण्यात आली होती.

काढण्याचे कारणही योग्यच होते. घड्याळाचा ठोका हा प्रोसेसरच्या चालू कामात आणलेला व्यत्यय असतो. सेकंदाला शंभरापासून हजारापर्यंत वेळा प्रोसेसर हातातील काम सोडून हा ठोका मोजतो आणि लगेच मूळ कामाकडे वळतो. अशा व्यत्ययात असताना इतर प्रोसेसरची वाट पाहत थांबणे हे कर्नेलमध्ये निषिद्ध आहे, कारण तो दुसरा प्रोसेसर कदाचित आपलीच वाट पाहत असेल. रखवालदाराला निरोप देणाऱ्या त्या ओळीत सर्व प्रोसेसरना एकदम साद घातली जात असे आणि तीही घड्याळाचे कुलूप हाती असताना. यंत्र गोठण्याचा तो उघड धोका होता. म्हणून ती ओळ वगळण्यात आली आणि धोका टळला.

ओळ चुकीच्या जागी होती, हे खरे. पण तिचे काम आवश्यक होते. ओळीबरोबर ते कामही गेले आणि पाच वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. लिनक्सचे कर्नेल त्या वर्षी सुमारे दीड कोटी ओळींचे होते. त्यात जी ओळ आहे ती वाचता येते, तपासता येते. जी असायला हवी होती पण नाही, ती नजरेला पडणार कशी?

दुरुस्ती : निरोप द्या, पण थोडा थांबून

२०१२ च्या जुलैत स्टल्ट्झ आणि ग्लाइक्सनर यांनी केलेल्या दुरुस्तीपुढे पेच असा होता : निरोप दिला नाही तर यंत्र भरकटते, दिला तर गोठू शकते. त्यांनी मधला मार्ग काढला. घड्याळाच्या ठोक्यात असताना फक्त एक खूण करून ठेवायची : ‘निरोप द्यायचा राहिला आहे.’ व्यत्यय संपला, कुलूप सुटले, की सुरक्षित क्षणी कर्नेल ती खूण पाहते आणि सर्व प्रोसेसरना निरोप देते.

यावर ते थांबले नाहीत. निरोप पोहोचेपर्यंतच्या सूक्ष्म कालावधीतही चूक होऊ नये, म्हणून गजर वाजवण्याच्या प्रत्येक वेळी रखवालदाराने भिंतीवरील घड्याळाशी आपले घड्याळ ताडून पाहावे, अशी व्यवस्था केली. म्हणजे निरोप कधी चुकला तरी रखवालदार फार काळ चुकत नाही. हे बदल जुलै २०१२ मध्येच ३.५ या आवृत्तीत दाखल झाले आणि जुन्या आवृत्त्यांसाठीही उपलब्ध करून देण्यात आले.

या साऱ्यात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट कदाचित वेगळीच होती. जो प्रसंग काही वर्षांतून एकदा येतो, त्याची चाचणी घ्यायची कशी? स्टल्ट्झ यांनी ‘लीप-अ-डे’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कर्नेलला रोज मध्यरात्री लीप सेकंद घालायला लावतो. हवे असल्यास घड्याळ थेट मध्यरात्रीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतो आणि पुन्हा पुन्हा तोच क्षण घडवून आणतो. चार वर्षांत एकदा भेटणारा शत्रू आता मागाल तेव्हा समोर उभा करता येतो. हा प्रोग्रॅम आज कर्नेलच्या अधिकृत चाचणी संचाचा भाग आहे.

दोषाचा माग कसा काढतात?

कर्नेल कोसळते तेव्हा शक्य असल्यास ते शेवटचा जबाब मागे ठेवते : कोणती आज्ञा चालू होती, ती कोणी दिली, त्याला कोणी बोलावले होते. ही साखळी उलटी वाचत तज्ज्ञ मूळ जागेपर्यंत जातात. मोठ्या सर्व्हरवर कोसळण्याच्या क्षणीच्या स्मृतीची संपूर्ण प्रत डिस्कवर जतन करण्याची सोय असते. तिच्या मदतीने नंतर सावकाश पंचनामा करता येतो.

जबाब मिळाला नाही तर दुसरी पद्धत वापरतात. जुनी आवृत्ती चांगली आणि नवी बिघडलेली असेल, तर मधल्या बदलांचे दोन समान भाग करायचे आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहायचे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. हजार बदलांतून दोषी बदल अशा रीतीने सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. अट एकच : बिघाड हवा तेव्हा घडवून आणता आला पाहिजे. म्हणूनच कर्नेलच्या दुरुस्तीत बिघाड पुन्हा घडवणे हे अर्धे काम मानले जाते. आणि दुरुस्ती करताना काय बदलले याइतकेच का बदलले, हे नोंदवणेही महत्त्वाचे. २००७ च्या बदलाची सकारण नोंद जपलेली होती, म्हणूनच २०१२ मध्ये हरवलेल्या ओळीचा पत्ता लागला.

पुढचा प्रश्न : वजा एक सेकंद

लीप सेकंदाला वळसा घालण्याचे मार्गही निघाले. गूगलने सप्टेंबर २०११ मध्ये आपली पद्धत जाहीर केली : जादा सेकंद एकदम न घालता बऱ्याच तासांत अंशाअंशाने पसरवायचा, म्हणजे कोणत्याही यंत्राला धक्का जाणवत नाही. ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस आजवरचा शेवटचा लीप सेकंद आला. त्या वेळी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सेवेचा काही भाग अडखळला. दोष कर्नेलचा नव्हता. वेळ कधी मागे जात नाही, असे त्यांच्या एका प्रोग्रॅमने गृहीत धरले होते.

अशा अनुभवांनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने व मापांच्या जागतिक परिषदेने ठराव केला, की प्रमाणवेळ आणि पृथ्वीच्या परिवलनातील फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवावी. व्यवहारात याचा अर्थ, लीप सेकंद दीर्घकाळ विश्रांती घेणार.

तोवर एक शक्यता मात्र उरते. अलीकडच्या वर्षांत पृथ्वीचा फिरण्याचा वेग किंचित वाढलेला आहे. हाच कल राहिला तर प्रमाणवेळेत एक सेकंद घालण्याऐवजी वगळावा लागेल. अमेरिकेतील भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन अॅग्न्यू यांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार ही वेळ २०२९ च्या सुमारास येऊ शकते. सेकंद वगळण्याची तरतूद लिनक्सच्या कर्नेलमध्ये लिहून ठेवलेली आहे. परंतु इतिहासात असा सेकंद एकदाही वगळला गेलेला नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांपलीकडे त्या ओळींची खरी परीक्षा अद्याप व्हायची आहे. सेकंद घालणाऱ्या ओळींची परीक्षा २००९ आणि २०१२ मध्ये झाली तेव्हा काय घडले, हे आपण पाहिलेच.